पलीकडचा तुकडा

इतिहासाच्या तासाला दामू मास्तर आम्हाला शाळेच्या अंगणात चिखल कालवून छोटा बांध घालायला लावत. शेवगावात तेव्हा पाण्याची मारामार, तरी दोन घागरी त्या चिखलात जात. शाळेचा शिपाई धोंडिबा कुरकुरायचा, "मास्तर, हितं प्यायला पानी न्हाई, अन् तुमी समुद्र अडिवताय व्हय?"

मास्तर हसत. "अरे, आमच्या गावाचा इतिहास राजांनी नाही, चिखलाने केला!" ते कोकणातल्या समुद्राकाठच्या एका लहान शेतकरी गावचे. तिथल्या कुळांच्या वाडवडिलांनी खाडीला बांध घालून खारं पाणी अडवलं आणि भातशेती उभी केली. बांधाचा एकेक तुकडा एकेका घराने राखायचा. तुकड्याला नाव त्या घराचं. मास्तरांना ती नावं तोंडपाठ.

दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे गावचे खोत, मामलेदाराकडे गेले. बांध आमच्या पूर्वजांनी घातला, जमीन आमची, कुळांना उठवा, असा त्यांचा दावा. साक्षीला मास्तरांना बोलावणं आलं. शाळा संपवून मी तेव्हा शेतकऱ्यांची पत्रकं काढत होतो. थेट विचारलं, "गुरुजी, भावाकडून बोलणार?"

"बांधाकडून," ते म्हणाले. मी सोबत गेलो.

कचेरीत खोत दबक्या आवाजात म्हणाले, "दामू, घरी आईला तोंड काय दाखवशील?" मास्तरांनी तुकड्यांची नावं सांगायला सुरुवात केली. एकामागून एक वीस नावं कागदावर चढली. शेवटच्या तुकड्याशी मात्र ते अडले. तो महारवाड्याकडचा.

"आमच्या घरात त्याला नुसतं 'पलीकडचा तुकडा' म्हणत," ते पुटपुटले. "नाव... मी कधी विचारलंच नाही."

बाहेर उन्हात उभा केलेला म्हातारा ओरडला, "गोविंद राघो, सायेब! माज्या आज्यानं घातलाय तो!"

"साक्षीदार सांगेल तेवढंच लिहिणार," मामलेदार म्हणाला. आत बसलेल्या वीसही घरच्या माणसांना ते नाव माहीत होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. वीस घरं जमिनीवर राहिली, गोविंदाचा तुकडा आणि त्यालगतचं शेत खोताकडे गेलं.

बाहेर मास्तरांनी हात जोडले. गोविंद एवढंच म्हणाला, "आता उधाणात त्यो फुटला, तर माती टाकाया मी जाऊ का नको, तेवडं सांगा." तो गेला नाही, तर त्या वीस घरांचं भातही खाऱ्या पाण्यात जाणार होतं. 

शेवगावला परतल्यावर मी पत्रक लिहिलं: 'कुळांचा विजय'. मास्तरांनी ते उभ्याउभ्या वाचून परत दिलं.

"वीस घरं वाचली, गुरुजी!" मी चिडलो.

"मग जा, एकविसाव्याला वाचून दाखव."

मी गेलो नाही. पत्रकं मात्र दुसऱ्याच दिवशी बाजारात वाटली.