न सांगितलेली बंडी

मला लिहिण्याचा सराव नाही, अधिकार तर नाहीच. या वयात हे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

कापसाची चिमूट दोन्ही अंगठ्यांत धरून काकाजी ती कानाजवळ नेत, हळूच तोडत आणि डोळे मिटून तंतू तुटल्याचा आवाज ऐकत. "आयकू आलं, बाबू?" असे मला विचारत. मला कधीच काही ऐकू आले नाही.

द्विभाषिक राज्याचे दिवस होते. अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात ते कापसाचे पारखी होते आणि मी अमरावतीहून आलेला गोदामाचा कारकून. सारे त्यांना काकाजी म्हणत.

त्यांनी एक रीत पाडली होती. यंत्रे सुरू होण्यापूर्वी सर्वांनी गोल बसायचे आणि ज्याच्या हातून चूक झाली असेल त्याने ती सांगायची. "रडू नको. कसं झालं थे सांग," एवढेच ते म्हणत. सांगणाऱ्याला चहाचा पहिला कप मिळे. "चहासाठी चुकू नको मात्र," हा टोमणाही. सांगितलेली चूक पुन्हा घडलेली मी पाहिली नाही.

माझी चूक मात्र मी लपवली. बार्शीटाकळीकडून आलेली कापसाची एक बंडी, म्हणजे बैलगाडी, तळापर्यंत हात न घालताच मी आत घेतली. वजन वाढावे म्हणून तळाच्या कापसावर पाणी मारलेले होते, हे तो ढिगात पडल्यावर कळले. ओला कापूस ढिगाच्या पोटात तापत जातो आणि एके दिवशी पेटतो. हे ठाऊक असूनही, शिकलेल्या माणसाची लाज आड आली.

त्याच आठवड्यात दोन दिवसांच्या तापाने काकाजी गेले.

दुसऱ्या सकाळी, कोणी न सांगता, माणसे गोल बसली. काकाजींची जागा मोकळी होती. सरकी वेचणाऱ्या सरूबाईने विचारले, "कोनाचं सांगायचं राह्यलं?" ती रोज हेच विचारू लागली. रोज सर्वांच्या नजरा त्या मोकळ्या जागेकडे जात आणि तिथून, जणू कोणी दाखवल्यासारख्या, माझ्याकडे वळत.

नवव्या सकाळी मी सांगून टाकले. कोणी रागावले नाही. "चहा मंग, बाबू. पयले ढीग उकलू," सरूबाई म्हणाली.

गोदाम उघडले. ढिगाच्या मागच्या अंगाला, खांद्यापर्यंत हात घातल्यावर पडावे तसे एक भोक होते. त्याच्याच रोखाने आम्ही कापूस उपसत गेलो. भोक संपले तिथे कापूस तांबूस पडला होता आणि त्यातून वाफ येत होती. आणखी एक दिवस गेला असता, तर कारखाना उरला नसता.

मोकळ्या कापसातले भोक घटकाभरात बुजते. गोदामाला एकच किल्ली होती, आणि ती आदल्या संध्याकाळपासून माझ्या खिशात होती.

तुम्हांला काय वाटते, तो हात कोणाचा असेल?