एका तारेवर तिघं

तारआत्याच्या दुकानात पाऊल टाकायचं तर आधी खाली बघावं लागे. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. जमिनीवर पोट उघडं टाकून पडलेले रेडिओ, भिंतीला पाठ टेकून बसलेले मुके टीव्ही आणि खिळ्याखिळ्याला तारांची वेटोळी. तारेचा तुकडा बोटभर असला तरी ती फेकत नसे. तिचं खरं नाव गल्लीत कुणी घेतलेलं मी ऐकलं नाही. लग्न तिने केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणे, घरात दोन भाऊ आहेत, तेवढी बिघडलेली यंत्रं मला पुरेत.

आणलेल्या वस्तूला ती लगेच हात लावत नसे. समोर ठेवून नुसती बघत राही. गिऱ्हाईक चुळबुळलं की म्हणे, आजारी माणूस दारात आल्या आल्या त्याला प्रश्न विचारू नयेत, आधी टेकू द्यावं. मग पेचकस घेई, आणि तो घेतला की तिच्या हाताकडे बघत राहावं असा हात चाले. लोणी कापावं तसा.

भाऊ दोन. थोरल्याला सगळी गल्ली दादा म्हणे. दादा बसस्थानकावर घोषणा करायचे. कुठली गाडी कुठे लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं पोर चुकून चौकशीच्या खिडकीशी उभं आहे, हे सगळं त्यांच्या आवाजात गावाने ऐकलेलं. आवाज कसा, तर भरल्या विहिरीतून यावा तसा. धाकटा शिंपी. मागच्या शेडमध्ये त्याचं शिवणयंत्र. तोंडाचा फटकळ आणि हाताचा चोख. दादा वरच्या खोलीतून ओरडत, धाकटा शेडमधून उलट ओरडे, आणि मध्ये दुकानात बसून तारआत्या दोघांना गप्प करी. नवखा माणूस घाबरून जाई. आम्हाला ठाऊक होतं, त्या घराला तीच भांडणं खाऊन झोप लागते.

मग दादांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज गेला.

दवाखान्यातून ते पाटी आणि खडू घेऊन आले. जेवताना कुणी काही बोललं की ते पाटीवर उत्तर लिहीत. लिहून पाटी वर करेपर्यंत बोलणं दुसऱ्या गावाला पोचलेलं असे. धाकटा तर त्यांच्यासमोर बोलेनासाच झाला. मुक्या माणसाला टोमणा कसा मारायचा, या विचाराने त्याची जीभच आखडली. दादांना वाटलं, हा मला टाळतो. ते खाली जेवायला यायचे थांबले. ताट वर जाऊ लागलं. आणि एक दिवस पाटीवर लिहून त्यांनी बहिणीला सांगितलं, की नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात जागा आहे, महिनाअखेर मी तिकडे जातो. तिथे कुणाला माझा आवाज माहीत नाही, म्हणजे कुणाला त्याची उणीवही भासणार नाही.

दादांच्या पाटीकडेही तारआत्या बंद पडलेल्या वस्तूकडे बघावं तशी बघत राहिली.

तिच्या माळ्यावर तीन जुने कॉम्प्युटर होते. एक शिकवणीचा वर्ग बंद पडला तेव्हा उचलून आणलेले. आताच्यासारखे नव्हेत. जाड कीबोर्ड, त्यातच सगळं यंत्र. चित्र दिसायला टीव्ही जोडायचा आणि त्याला शिकवलेलं लक्षात राहायला कॅसेट. एकमेकांशी बोलायची सोय त्यांत मुळीच नव्हती. ती सोय करणारी पेटी वेगळी मिळते, पण या वयाच्या यंत्रांना ती कुठून मिळणार? म्हाताऱ्याला दुधाचे दात शोधण्यासारखं ते.

पण त्यांच्या कुशीला खेळाची दांडी, म्हणजे जॉयस्टिक, लावायचं भोक होतं. तारआत्याचं म्हणणं असं, की दांडी म्हणजे तरी काय, चारपाच बटणं. बटण दाबलं की एक तार खाली ओढली जाते आणि यंत्राला ते कळतं. मग दांडीऐवजी दुसऱ्या यंत्रानेच ती तार ओढली तर? ओढ, सोड, ओढ, सोड. असं करत एकेक अक्षर पलीकडे जाईल. मेलेल्या रेडिओंतून तिने डायोड काढले, एकाचा झटका दुसऱ्याला लागू नये म्हणून. दारावरच्या घंटीची दुपदरी तार घेतली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीच्या आधाराने ती वरच्या खिडकीतून दुकानात, दुकानातून शेडमध्ये नेली. एक पदर बोलण्याचा, एक परतीचा. तिघांना मिळून बोलायला तेवढा एकच.

आणि सगळी अडचण तिथेच होती. एका तारेवर दोघं एकदम बोलले की अक्षरांचा चुरा होई. म्हणून तिने यंत्रांना शिकवलं, आधी ऐका, तार रिकामी असेल तरच बोला. तरी दोघं एकदम थांबत आणि एकदम सुरू होत, दारात अडकलेल्या दोन पाहुण्यांसारखे. तेव्हा तिने कुणी किती थांबायचं ते ठरवून दिलं. दादा थोरले, म्हणून त्यांच्या यंत्राने सगळ्यात कमी थांबायचं. त्यांच्यानंतर ती. शेवटी धाकटा. पंगतीत वाढतात तसं. आणि बराच वेळ कुणाची पाळी लागली नाही तर त्या यंत्राने हातातलं अक्षर सोडून पुढे जायचं, म्हणजे सगळं तुंबणार नाही. घरात लहानपणापासून जे चालत आलं तेच तिने तारेवर चालवलं. त्यात काही चुकेल असं तिच्या मनातही आलं नाही.

यंत्राला आपली लिपी येत नव्हती. इंग्रजी अक्षरांत आपली भाषा लिहायची. त्यालाही दादा तयार झाले, बहिणीचा शब्द मोडवेना म्हणून.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहायला घेतलं आणि थांबेचनात. नळ गळतोय तो कुणी बघायचा? धाकट्या, काल दिलास तो सदरा गळ्याला करकचतो. माझा घसा गेला, कान गेले नाहीत, मला सगळं ऐकू येतं. तुम्ही माझ्याशी भांडायचं का सोडलंत? तार मुंगीच्या चालीची, आणि दादांचा हात वेगाचा, त्यामुळे त्यांच्या यंत्राच्या पोटात कायम अक्षरं शिल्लक. दुकानातल्या टीव्हीवर तारआत्या वाचत होती आणि पदराने डोळे टिपत होती. शेवटी वरून आलं, "मी गेलो तर तुम्हाला बरं वाटेल का?"

त्यावर धाकट्याचं काहीच उत्तर दिसेना. तिने स्वतः लिहिलं, नाही दादा, मुळीच नाही. वरून काहीच हालचाल नाही. मग ती तडक शेडमध्ये गेली आणि धाकट्यावर बरसली, की भाऊ एवढं विचारतो आणि तुझ्या बोटांना काय मेंदी लागली आहे का? काज करायला दिलेला कोट न्यायला मी शेडबाहेरच्या पडवीत आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं.

धाकटा चिडला नाही. त्याने नुसता टीव्ही तिच्याकडे वळवला. त्याच्या काचेवर त्याचं लिहिणं होतं. नळ मी करतो. सदरा परत टाक, गळा सैल करतो. आणि खाली, मधली दोन अक्षरं चुकवून, "नको जाऊ".

"केव्हाच लिहिलं, त्याने विचारायच्याही आधी," तो म्हणाला. "त्यानेच उत्तर नाही दिलं."

तारआत्या खाली बसली. तिला सगळं कळलं. दादा लिहीत होते तोवर तार एकदाही या दोघांच्या हाती लागली नव्हती. पाळीची वाट बघून बघून त्यांच्या यंत्रांनी अक्षरं सोडून दिली होती. ज्याचं त्याचं लिहिणं ज्याच्या त्याच्या काचेवर, आणि वर दादांच्या समोर फक्त दादा.

ती जिना चढून गेली. दादांनी तार भोकातून उपटली होती, म्हणून तिचं स्वतःचं उत्तरही पोचलं नव्हतं. खाटेवर बॅग उघडी होती आणि ते कपड्यांच्या घड्या घालत होते. तिने सगळं सांगितलं, धाकट्याने काय लिहिलं तेही. दादांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "समजूत घालू नकोस."

"समजूत नाही, दादा. माझी चूक झाली. तुला पहिला मान दिला आणि त्या मानानेच तुला एकटं पाडलं."

दादांनी पाटी पुसली. मग सावकाश लिहिलं, "मान तुझ्याकडे ठेव. मला उत्तर पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिने दुकान उघडलंच नाही. रांग उलटी केली. आता धाकट्याने सगळ्यात कमी थांबायचं, थोरल्याने सगळ्यात जास्त. आणि पाळी कितीही लांबली तरी कुणीही अक्षर सोडायचं नाही. नवी शिकवण कॅसेटवर भरून ती तिन्ही यंत्रांना घातली आणि दादांना एवढंच म्हणाली, आजचा दिवस तार लावून ठेव, मग हवं तर जा.

शेडमध्ये जाऊन तिने धाकट्याला कालचं पुन्हा लिहायला सांगितलं. तो तयार होईना. एकदा लिहिलं ते लिहिलं, असलं परत परत लिहिता येतं का? मान खाली घालून तो शिलाई मारत राहिला. बाही संपली, दोरा दातांनी तोडला, आणि मग एका बोटाने कीबोर्ड टोचायला लागला. तारआत्या धावत दुकानात गेली. कालचा राहिलेला कोट न्यायला आलेला मीही तिच्यामागून.

काचेवर आलं, "खोली सोडताना झाडून जा. मी तिथे कापडाचे तागे ठेवणार."

तारआत्याने कपाळाला हात लावला.

वरच्याची पाळी उशिराची. धाकट्याचा शब्द संपला, तार क्षणभर रिकामी राहिली, आणि मग दादांची अक्षरं एकामागून एक खाली उतरली. "पश्चिमेची खिडकी आहे. ऊन थेट येतं. तागे विटतील, गाढवा."

"विटू देत. माझे तागे."

"तुझे कसले? गिऱ्हाइकाचं कापड. धंदा करतोस की"

"धंदा मला शिकवू नको. तू आयुष्यभर दुसऱ्याच्या गाड्या मोजल्यास."

पुन्हा तार रिकामी झाली. दादांचं यंत्र थांबलं, त्याची वेळ भरली, आणि "मी मोजल्या म्हणून" एवढं उमटलं. पुढे काही नाही. आम्ही दोघं काचेकडे बघत होतो. तारआत्याचा हात तारेकडे गेला, कुठे निसटली की काय बघायला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जड, एकेक पायरीवर थबकणारी. दादा खाली आले. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. हातात तो करकचणारा सदरा होता. ते सरळ मागे शेडमध्ये गेले, सदरा धाकट्याच्या पुढ्यात आपटला आणि गळ्यावर बोट ठेवून उभे राहिले. चेहरा लाल, ओठ जोरजोरात हलत होते. आवाज नव्हता, पण शिव्या कुठल्या होत्या ते मागोमाग पडवीपर्यंत गेलेल्या मलाही वाचता आलं.

"दिसतंय, दिसतंय," धाकटा म्हणाला. "मान वाढली तुझी, त्याला मी काय करू? बस इथे. माप घेऊ दे."

दादा स्टुलावर बसले. धाकट्याने टेप त्यांच्या गळ्याभोवती घातली, जखमेच्या वणाला लागणार नाही अशी बेताने, आणि माप घेऊन झालं तरी लवकर काढली नाही.

दुकानात काचेवर अर्धं वाक्य तसंच थांबलं होतं. तारआत्याने ते पुसलं नाही. ती उठली आणि जेवणाची तीन ताटं खालीच मांडायला घेतली.