वहीतले निळे ठिपके

लाल-निळ्या पेन्सिलीला टोक करायला घेतलं की लाकडाच्या वासाआडून मला अजून फॉर्मॅलिनचा उग्र वास येतो. ऐंशीच्या दशकात मी बेळगावात पॅथॉलॉजी शिकत होते. सरांनी एकाच रुग्णाच्या आतड्यातल्या कॅन्सरच्या दोन काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून लाल-निळ्या पेन्सिलीनं वहीत काढायला दिल्या. पहिलीत, गाठीच्या कोवळ्या भागाभोवती, शरीराच्या राखणदार पेशी निळ्या ठिपक्यांसारख्या गराडा घालून होत्या. दुसरीत गाठ खोल रुजली होती आणि राखणदार पांगून चार-दोनच उरले होते. ते चित्र फारच ओकंबोकं दिसायला लागलं, म्हणून मार्कांच्या हावेनं मी तिथंही भरगच्च ठिपके दिले. आम्ही सगळ्याच मुली असं करायचो. तेवढ्यात पट्ट्या तयार करणारे अण्णा चहा घेऊन आले नि वहीवर वाकले. “निळं म्हंजे राखणदार न्हवं? खोलातबी लई हैत की गं! ह्या पट्ट्या निपाणीच्या माझ्या थोरल्या भावाच्या हैत. म्हंजे अजून झुंजतोय.” माझा हात थांबला. “अण्णा, ते ठिपके मी घातलेत. पट्टीत नाहीत.” त्यांनी चहा खिडकीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघितलं. मी खोडरबर उचलला, तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे. वहीत तरी असू देत.” आता माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासताना एकही जादा ठिपका मी खपवून घेत नाही. माझे मात्र अजून खोडलेले नाहीत.