चयापचयवाले सर

"समजलं म्हणू नका. सांगा," असं म्हणून सर उजव्या हाताची बोटं दोनदा उघडमीट करायचे. समोर शाळेतला पोरगा असो, दूधवाला असो, की माझ्यासारखी चौथी पास बाई. सांगितल्याशिवाय सुटका नाही. तुमच्याही शेजारी असा एखादा मास्तर राहिला असेल. खामगावात आमच्या भिंतीला भिंत लावून हे सर राहायचे. आता नाहीत.

महाराष्ट्र नुकता झाला होता. विज्ञानाच्या नव्या मराठी पुस्तकातून शाळेत 'चयापचय' हा शब्द आला आणि सरांच्या तोंडी असा बसला, की गल्लीत त्यांचं नावच पडलं चयापचयवाले सर. माझे मालक कापसाच्या जिनात कामाला. ते एकदा म्हणाले, "सर, एवढा मोठा शब्द कायले पाह्यजे? पचन म्हणा ना!"

झालं! सर ओट्यावर बसलेच. "पचन वेगळं, भाऊ. भाकर पोटात पचली. पुढं? तिचंच हाड-मांस होते, अन् तिचंच जळण होऊन तुमाले गाठी उचलायची ताकद येते. हे जोडणं अन् जाळणं अंगात सारखं चालू राह्यते, झोपेतही. त्या साऱ्याले मिळून चयापचय. समजलं?"

मालक "हाव" म्हणाले आणि फसले. चहा होईस्तोवर त्यांना सगळं परत सांगावं लागलं. मी आत तोंडाला पदर लावून हसत होते.

सरांची बायको बाळंतपणातच गेलेली. एकच लेक, शकू. तिची वेणी सर स्वतः घालायचे, आणि ती कायम वाकडी. त्या उन्हाळ्यात पोरगी वाळायला लागली. सारखं पाणी मागायची, खाल्लेलं अंगी लागेना. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला.

"अवं माय! साखरेची बिमारी त मोठ्या माणसायले होते. लेकराले काऊन?" मी विचारलं.

सर खाली बघत म्हणाले, "वहिनी, साखर तिच्या रक्तात राह्यते, पण अंगाले ती जाळता येत नाही. मग अंग स्वतःलेच जाळत जाते. तिचं चयापचयच बिघडलं." त्या दिवशी त्यांनी मला परत सांगायला लावलं नाही.

रोज सुई उकळायची, रोज टोचायची. औषधाची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवलेली. गोड कायमचं बंद.

मग भुलाबाईचा महिना आला. आमच्याकडे पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाईची गाणी म्हणतात, आणि मग झाकलेला डबा वाजवून आतला खाऊ ओळखतात. शकूला घरी बसवणं सरांच्या जिवावर आलं. ते दारोदार फिरले. प्रत्येक ओट्यावर चयापचय समजावलं. बाया म्हणायच्या, "एका घासानं काय होते, सर?" सर म्हणायचे, "एकेका घराचा एकेक घास, बाई."

शेवटी शिंप्याची सलमाबी म्हणाली, "चूल में लकडी भरी है, पर आग नई लगती. ऐसाच ना, मास्तर?"

सरांनी तिला हात जोडले. त्या महिन्यात आख्ख्या गल्लीत डब्यांत शेंगदाणे नाहीतर काकडी. पोरींना आधीच ठाऊक असायचं, पण एकीनंही नाक मुरडलं नाही. शकू डबा कानाशी हलवायची आणि मोठ्यानं म्हणायची, "लाडू! बर्फी! जिलबी!" नावं घेताना तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. सर दारात उभे राहून ऐकायचे. मला ते पाहवायचं नाही.

थंडीत तिला ताप भरला. ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास जोरात चालू लागला. डॉक्टर येऊन सुया देऊन गेले. मी उशाशी होते. शकू म्हणाली, "बाबा, आज तरी थोडं गोड द्या ना."

"नाही बेटा. आधी बरी हो."

दुपारी पोरगी गेली. सर मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत राहिले, "वहिनी, वाचेल म्हणून नाही म्हटलं हो मी. वाचेल म्हणून."

एक थेंब आला नाही त्यांच्या डोळ्याला. चार दिवसांनी शाळेतही गेले. मला त्यांचा रागच आला होता तेव्हा, खोटं कशाला बोलू?

तेरवीला मी स्वयंपाक केला. शकूच्या नावाचं पान अंगणात मांडलं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण गल्लीतली प्रत्येक बाई काही ना काही घेऊन आली. बुंदीचे लाडू, करंज्या, जिलबी. सलमाबीनं शेवयांची खीर आणली. पान भरून गेलं.

सर पानाजवळ आले आणि खाली वाकले. भराभर लाडू उचलून बाजूला काढले. जिलबी काढली. खिरीच्या वाटीला हात घातला. सगळ्या बाया बघत राहिल्या.

मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "सर, राहू द्या. आता तिले चालते."

सरांचा हात वाटीवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकेक लाडू उचलून परत पानावर ठेवायला लागले, आणि तिसऱ्या लाडवाला त्यांना रडू फुटलं.