नागिणीची शेपटी आणि शब्दाची

तुमच्या आजोबांच्या कमरेवर नागीण उठली, तेव्हा त्यांनी आधी दोष दिला झोपाळ्याला. बाल्कनीतल्या झोपाळ्याच्या पितळी कडीला कंबर घासली असणार, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्यानं भरलेले बारीक फोड दिसले, एका बाजूनं पट्टा ओढावा तसे, आणि सदरा लागला तरी आग होऊ लागली.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी इथल्याच लिंबायत भागात राहतात, मूळच्या खानदेशातल्या. त्यांनी एकदाच पाहिलं आणि हातातली कणीक तशीच ठेवली.

"दादा, हाई नागीन शे. तोंडले शेपटी भिडनी ना, मंग काही खरं नही."

"म्हणजे मी मरतो की काय?" आजोबांनी विचारलं.

"तसं नही, दादा. पन गेरू लावना पडी, नि घरमा फोडनी देवानी नही."

मरणापेक्षा फोडणीच्या बातमीनं आजोबा जास्त हादरले. मी फोडांचा फोटो तुमच्या आईला पाठवला आणि भाजी आणायला गेले. घरात डॉक्टर मुलगी असली की असं होतं: गल्लीतला डॉक्टर सोडून माणूस समुद्रापलीकडच्या उत्तराची वाट पाहतो.

मी परत आले तर आजोबा झोपाळ्यावर निवांत. "फोन येऊन गेला," ते म्हणाले. "आवाज तुटत होता. घाईत होती. माझं अँटिव्हायरस चालू आहे का विचारत होती. म्हटलं, चालू आहे, मार्चपर्यंत काळजी नाही."

मला यात काही वावगं वाटलं नाही. आजोबांनी एकदा बक्षिसाच्या कसल्याशा निरोपावर बोट दाबलं होतं, तेव्हापासून तुमची आई अधूनमधून त्यांच्या कॉम्प्युटरची चौकशी करतेच.

संध्याकाळी तिचा मला फोन आला. "आई, दिवसातून पाच वेळा घेतायत ना?"

"कोण? काय?"

"बाबा! गोळ्या! सकाळी म्हणाले ना, चालू आहे म्हणून!"

मग सगळा उलगडा झाला. तिनं विचारलं होतं अँटिव्हायरल. शब्दाच्या शेवटाकडे लक्ष द्या, तिथेच अर्थ बदलतो, असं मी जन्मभर वर्गात सांगत आले, आणि माझ्याच घरात एका 'ल'चा 'स' झाला होता.

ती रागावली नाही, घाईनं सांगू लागली. "आई, हे औषध सुरुवातीलाच घ्यावं लागतं. फोड जातात गं, पण त्या वयात कळा मागे राहतात, कधीकधी महिनोन्‌महिने. आत्ता जा. आत्ता."

आम्ही गेलो. आजोबा रिक्षात एका कुशीवर बसले होते आणि चेष्टा करायचे थांबले होते, म्हणून मी जास्त घाबरले. डॉक्टरांनी फोड तपासले. "नवे येतायत अजून. म्हणजे वेळ गेलेली नाही," ते म्हणाले, तेव्हा मी खुर्चीला टेकून बसले.

चिठ्ठी घेऊन नाक्यावरच्या गुजराती औषधवाल्याकडे गेलो. त्यानं मागे न बघताच ड्रॉवर उघडला. मी म्हटलं, लगेच मिळालं!

"बा, पहेलां तो मंगाववी पडती," तो म्हणाला. पूर्वी ही गोळी मागवावी लागायची. आणि आता? आता लोक साध्या सर्दीलाही अँटिव्हायरल मागतात, चिठ्ठी नसली तर त्याच्याशी भांडतात.

नाशिकच्या वहिनी आणि नागपूरची मावसबहीण यांना फोनवर सांगितलं, तर दोघींच्या तोंडी हाच शब्द. देशभर असंच चाललं असावं. माझ्या लहानपणी कांजिण्या आल्या की कडुनिंबाचा पाला आणि वाट पाहणं, एवढाच उपाय. विषाणूला औषध नाही, हे आम्ही पाठ केलेलं वाक्य होतं. मग कोरोनात एका इंजेक्शनसाठी माणसं रांगा लावून उभी राहिलेली याच शहरात पाहिली. तेव्हापासून हा शब्द घरात शिरला तो कायमचा. जिथे औषध हवं तिथे ते वेळेवर पोचत नाही आणि नको तिथे हट्टानं मागितलं जातं, हे मात्र मला पटत नाही. तुम्हीही सर्दीला वाफच घ्या.

गोळ्यांच्या वेळांचे गजर मी फोनवर लावले. गजर झाला की आजोबा ओरडत, "अपडेट आलं!" आणि पाण्याचा पेला पुढे करत. फोडांवर गेरू नको, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मावशींना ते पटलं नाही, पण त्यांनी वाद घातला नाही, गेरूची एक रेघ दाराच्या चौकटीवर ओढली आणि म्हणाल्या, "मी आठेच आडवस तिले." इथेच अडवते तिला. फोडणीवर मात्र त्या हटून बसल्या. डॉक्टरांची हरकत नाही म्हटलं तरी बिनफोडणीचं वरण ताटात येत राहिलं. आजोबा त्याला 'दवाखान्याचं पाणी' म्हणत आणि वाटी पुसून खात.

हळूहळू खपल्या धरल्या. मला धास्ती होती ती कळांची. ते झोपाळ्यावर बसताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राही. एक दिवस ते पेपर वाचता वाचता त्याच बाजूला उशीवर रेलले आणि वाचतच राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन मावशींना सांगितलं. त्यांनी कढल्यात तेल घातलं. मोहरी तडतडली, हिंगाचा वास बाल्कनीपर्यंत गेला.

"मिळाली का परवानगी?" तिकडून आवाज आला.

"शेपटी भिडनीच नही, दादा!"

मार्चमध्ये आजोबांनी तुमच्या आईला फोन लावला. "अगं, माझं अँटिव्हायरस संपलंय."

पलीकडून ती किंचाळलीच, "बाबा, आता कुठे उठलं?"