काळ्या मखमलीचा पडदा

कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांचा वास आला की तो काळा मखमली पडदा आठवतो. आमचे हे जादूगार. गिरगावात जादूचं सामान विकायचे, जादूची पुस्तकंही छापायचे. एक गुपित मात्र त्यांनी कधीच छापलं नाही. स्टेजवर त्या पडद्यापुढे नखशिखान्त काळ्या कपड्यांत मी उभी असायची. हवेत तरंगणारे पेले माझ्याच हातांत असायचे.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यासाठी काळे झेंडे हवे होते. चाळीतली मंडळी कापड मागायला आली, तशी मी पडदा काढला.

"अगं, हा गेला तर तू लोकांना दिसशील," हे कुजबुजले.

"अहो, दिसू दे की," मी म्हटलं. कात्री मखमलीत अलगद शिरली.

तेव्हा वाटलं होतं, मी हे महाराष्ट्रासाठी करतेय.