खुर्चीवरचा कागद

"तिच्या खुर्चीवर कागद टाका आधी."

साहेब बोलला. साहेब म्हंजे आमच्या फौंड्रीचा मॅनेजर. भर हॉलमधी, वाळू तपासायच्या नव्या मशीनच्या ट्रेनिंगला. सगळी कामगार माणसं बसली हुती, सगळ्यांच्या अंगावर तीच काळी वाळू. उलट मी अंघोळ करून, धुतलेली साडी नेसून गेलते. तरी कागद एकट्या माझ्याच खुर्चीवर. शिपायानं कालचा पेपर पसरला. का, ते कुणाला सांगावं लागलं न्हाय. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक हाय.

शेजारी शांताक्का बसली हुती. वीस वर्सं आमी एका डब्यात जेवतोय. "बस की गं, कशाला वाद," म्हणाली. बसले. जरा हललं की बुडाखाली कागद वाजायचा. पडद्यावर काय दाखवलं, त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं न्हाय. लाजेनं न्हाय. रागानं.

आणि ते मशीन कुणाच्या जिवावर उभं हुतं? लोखंड ओतायच्या साच्याची वाळू ओली की कोरडी, हे मी मुठीवर सांगते. मूठ दाबायची, उघडायची, ढेकूळ मोडायचं. कड नीट मोडली तर वाळू चांगली. हाताला चिकटली तर ओली. ट्रेनिंगच्या आधी महिनाभर मी मूठ दाबून सांगायची, साहेब लॅपटॉपवर टिपायचा. तेच मशीनला शिकवलं. पर सगळं सकाळी, भट्टी तापायच्या आधी. दुपारची धग साहेबाला सोसायची न्हाय.

मी सांगितलं हुतं, "साहेब, दुपारची वाळूबी घ्या. साच्यातनं गरम होऊन परत येती ती. तिची मूठ येगळी लागती."

"मावशी, तुम्ही फक्त मूठ दाबा. डोकं आम्ही लावतो."

लावलं की डोकं. मशीन सुरू झालं आणि सकाळचा माल झकास, दुपारचा सगळा भोकाभोकाचा. पडद्यावर मात्र वाळू चांगली म्हणून हिरवा दिवा. तीन दिवस भंगाराचा ढीग वाढत गेला. का, ते मला कळत हुतं. तोंड उघडलं न्हाय. खोटं कशाला बोलू, बरं वाटत हुतं.

चौथ्या दिवशी दुपारी साहेब घामाघूम होऊन आला. "मावशी, जरा मूठ बघा."

मी हात पदराखाली घेतले. "वाळूवर कागद टाका आधी. माझा हात लागून घाण हुईल."

भट्टीचा एवढा आवाज, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. शांताक्कानं मान खाली घातली. साहेब हसाय बघत हुता, हसू आलं न्हाय. "अहो, राग धरून बसलाय होय?"

"व्हय. धरलाय. आधी मला मशीन शिकवा. त्याच हॉलमधी, बिनकागदाच्या खुर्चीवर. मग मूठ."

दोन दिवस त्यानं ताणलं. कामावरनं काढीन म्हणाला. "काढा," म्हणाले, "मुठीसकट जाते." मग मालकाचा फोन आला. साहेबानं स्वतः खुर्ची वडली.

आता गरम वाळू मीच मशीनला शिकवते. पासवर्ड माझ्या नावानं हाय. माफ केलं न्हाय मी. तो कागद घडी घालून डब्याच्या पिशवीत ठेवलाय, तेलाचे डाग पडल्यात त्याच्यावर. मला जे येतंय ते साहेबाला येत न्हाय, आणि आज न्हाय उद्या त्याला शिकाय माझ्याचपुढं बसावं लागणार. त्या दिवशी त्याच्या खुर्चीवर तोच कागद पसरणार हाय. माझ्या हातानं. सगळ्यांदेखत.